जुना पडदा, नवा डबा : ॲडॉप्टरबद्दल तुमच्या शंका

या वेळी मेलबॉक्स उघडला तर सगळीकडे एकच रडगाणं. जुना मॉनिटर किंवा जुना डब्बा टीव्ही ठणठणीत चालतोय, नवीन लॅपटॉपला नाहीतर सेट टॉप बॉक्सला फक्त एचडीएमआय आहे, मधे ॲडॉप्टर लावला आणि पडद्यावर काहीच नाही. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात, आज फक्त हेच. आणि एक आधीच सांगून टाकतो, तुम्ही ज्यांना शिव्या घातल्यात त्यातले बरेचसे ॲडॉप्टर खराब नाहीतच, चुकीच्या जागी नाहीतर चुकीच्या सेटिंगवर लावलेत.

प्रश्न : दादा, माझ्या लॅपटॉपला फक्त एचडीएमआय आहे आणि घरात १७ इंची चौकोनी मॉनिटर पडून आहे, त्याला निळं व्हीजीए सॉकेट. एक वायर घेतली, एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्याला व्हीजीए, स्क्रू पण घट्ट आवळले, तरी मॉनिटर म्हणतो नो सिग्नल. वायर बदलून घेऊ का?
– एक विद्यार्थी

उत्तर : तसलीच दुसरी घेऊन काही होणार नाही, वायरचा प्रकारच बदलायला लागेल.

बघा, व्हीजीए आयबीएमने १९८७ साली पीएस/२ कॉम्प्युटरबरोबर आणलं. तेव्हा टेबलावरचे मॉनिटर पिक्चर ट्यूबचे, त्यामुळे त्यात लाल, हिरवा, निळा अशा तीन तारा आणि प्रत्येक तारेवर ० ते ०.७ व्होल्ट एवढ्यातच वरखाली होणारा सिग्नल, व्होल्ट जास्त तर तो रंग जास्त उजळ, इतका सरळ मामला. शिवाय ओळ कुठे संपली आणि फ्रेम कुठे संपली हे सांगायला सिंकच्या दोन वेगळ्या तारा. एचडीएमआयमधे यातलं काहीच नाही, तिथे प्रत्येक ठिपक्याचा रंग आकड्यात येतो, शून्य आणि एक, तेही भयंकर वेगात. आता नुसत्या तांब्याच्या तारेने आकड्यांचे व्होल्ट कसे होणार? मधे चिप पाहिजे, जी आकडे वाचेल आणि त्या त्या क्षणाला तेवढे व्होल्ट बाहेर सोडेल. तुमच्या वायरमधे ती नसणार, दोन्हीकडची तोंडं बसली म्हणजे सिग्नल जुळला असं नसतं.

चिपवाला ॲडॉप्टर बहुतेकदा छोटीशी डबी असते, एका बाजूला एचडीएमआयची पिन, दुसऱ्या बाजूला व्हीजीएचं भोकांचं सॉकेट, आणि कडेला हेडफोनचं भोक आणि मायक्रो यूएसबीचं भोक. काही वायरींमधे ही चिप व्हीजीएच्या तोंडातच बसवलेली असते त्यामुळे नुसतं बघून कळत नाही, पाकिटावर 'ॲक्टिव्ह' किंवा 'कन्व्हर्टर' लिहिलंय का ते बघायचं. आणि बाण कुठल्या दिशेला आहे तेही बघायचं. 'एचडीएमआय टू व्हीजीए' आणि 'व्हीजीए टू एचडीएमआय' या दोन वेगळ्या वस्तू आहेत, दिसतात सारख्या, पण एकीचं काम दुसरी करत नाही, उलटी लावून तर नाहीच नाही.

ते मायक्रो यूएसबीचं भोक शोभेला नसतं बरं का. एचडीएमआयच्या १८ नंबरच्या पिनवर ५ व्होल्ट मिळतात पण समोरच्या मशीनने द्यायचा करंट किमान ५५ मिलीॲम्पिअर, एवढीच अट आहे. काही मशीन जास्त देतात, काही मोजून मापून तेवढाच, आणि चिप जरा भुकेली निघाली की चित्र येतं, जातं, परत येतं, मग लोक म्हणतात लूज कनेक्शन आहे. यूएसबीची एक वायर लावून चार्जरमधून पॉवर द्या आणि मग बोला.

जाता जाता, लॅपटॉपला एचडीएमआयबरोबर डिस्प्लेपोर्ट (चित्र बाहेर काढायचं आणखी एक डिजिटल सॉकेट) पण असेल तर मी डिस्प्लेपोर्ट टू व्हीजीए घेईन. त्याच्या पिनवर ३.३ व्होल्टला ५०० मिलीॲम्पिअरपर्यंत मिळतात, त्यामुळे पॉवरची ही कटकट तिथे सहसा येत नाही.

प्रश्न : ॲडॉप्टर लॅपटॉपला मस्त चालतो. तोच ॲडॉप्टर, तोच मॉनिटर, पण टीव्हीचा अँड्रॉइड बॉक्स लावला की काळ्या पडद्यावर 'आऊट ऑफ रेंज' अशी पट्टी फिरत राहते. दुकानदार म्हणतो मॉनिटर गेला. खरंय का?
– वैतागलेली गृहिणी

उत्तर : ताई, मॉनिटर ठणठणीत आहे, आणि ती पट्टी ही खरं तर चांगली बातमी आहे. 'नो सिग्नल' आलं म्हणजे मॉनिटरपर्यंत सिंक पोचतच नाही, तिथे वायर, चिप, पॉवर यांच्यावर संशय घ्यायचा. 'आऊट ऑफ रेंज' म्हणजे सिग्नल आलाय, मॉनिटरने मोजलाय, आणि तो म्हणतोय हे मला झेपणारं नाही. म्हणजे ॲडॉप्टर काम करतोय.

आता झेपत का नाही ते सांगतो, जरा आकडे येतील पण उपयोगाचे आहेत. मॉनिटर दर सेकंदाला किती आडव्या ओळी काढू शकतो याला मर्यादा असते. १०२४ बाय ७६८ ला ६० हर्ट्झवर (सेकंदाला ६० चित्रं) साधारण ४८ किलोहर्ट्झ लागतात, म्हणजे सेकंदाला ४८ हजार ओळी. १२८० बाय १०२४ ला ६४, आणि १९२० बाय १०८० ला ६७.५. जुन्या १५ इंची मॉनिटरची धाव बऱ्याचदा साठच्या आसपास संपते, तिथे फुल एचडी पाठवलं तर तो हात वर करणारच.

मग बॉक्स असं का पाठवतो? मॉनिटरमधे एक छोटीशी मेमरी असते, तिला ईडीआयडी म्हणतात, मूळ माहिती फक्त १२८ बाइट. त्यात लिहिलेलं असतं मी कोण, माझं नेमकं रिझोल्यूशन किती, मला काय काय चालतं. चांगला ॲडॉप्टर ही माहिती वाचून पलीकडे पोचवतो, लॅपटॉप ती बघून बरोबर साइज पाठवतो. पण माहिती पोचली नाही, किंवा ॲडॉप्टरने स्वतःचंच ठोकळेबाज उत्तर देऊन टाकलं की मला १०८० चालतं, तर मग शिंप्याला माप न देता शर्ट शिवायला टाकल्यासारखं होतं. शिवाय टीव्ही बॉक्सला मुळात टीव्हीचीच मापं माहिती, ४८०, ५७६, ७२०, १०८०. मॉनिटरवाली १०२४ बाय ७६८ किंवा १२८० बाय १०२४ ही मापं तो बऱ्याचदा देतच नाही, लॅपटॉप देतो, म्हणून तिथे चाललं.

तर करायचं असं, बॉक्स आधी एखाद्या एचडीएमआय टीव्हीला लावा, डिस्प्ले सेटिंगमधे जाऊन ऑटो काढून ७२०पी ६० हर्ट्झ पक्कं करा, ते फक्त ४५ किलोहर्ट्झ आहे, चालायला हरकत नाही. मग बॉक्स काढून मॉनिटरला लावा. चौकोनी मॉनिटरवर माणसं थोडी उंच आणि बारीक दिसतील कारण १६:९ चं चित्र ५:४ च्या पडद्यावर ताणलं जातंय. मॉनिटरच्या मेन्यूत ॲस्पेक्टचा पर्याय असला तर बदला, नसला तर सगळे कलाकार डाएटवर आहेत असं समजा.

आणि ज्यांच्याकडे खूप जुना, एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणारा ट्यूबचा मॉनिटर आहे त्यांनी 'बघू तरी काय होतं' म्हणून मोठी रिझोल्यूशन पाठवू नये. नंतरचे मॉनिटर नुसती पट्टी दाखवून गप्प बसतात, ते अगदी सुरुवातीचे खरंच आतून खराब होऊ शकतात.

प्रश्न : आमच्याकडे जुना डब्बा टीव्ही आहे, पिवळं, पांढरं, लाल अशी तीन भोकं. एचडीएमआय टू एव्हीची डबी आणली. चित्र आलं पण काळंपांढरं, आणि वर वर सरकत राहतं. दुसरं म्हणजे अक्षरं काही वाचता येत नाहीत. डबी परत करू का?
– निवृत्त शिक्षक

उत्तर : सर, परत करायच्या आधी डबीच्या कडेला बघा, एक बारीक सरकवायचं बटण असेल, एका बाजूला पाल दुसऱ्या बाजूला एनटीएससी. ते पलीकडे सरकवा, शंभरातल्या नव्वद वेळा गोष्ट तिथेच संपते.

या टीव्ही सिग्नलच्या दोन पद्धती. दोन्हीत फरक काय, तर पालमधे ६२५ ओळी आणि सेकंदाला ५० फील्ड (फील्ड म्हणजे अर्धी फ्रेम), एनटीएससीमधे ५२५ ओळी आणि जवळपास ६०. रंग पण वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीवर बसवलेले असतात, पालचे ४.४३ मेगाहर्ट्झवर, एनटीएससीचे ३.५८ वर. टीव्हीला रंगाची फ्रिक्वेन्सी सापडली नाही की तो रंग सोडून देतो, चित्र काळंपांढरं. फील्डचा वेग जमला नाही की चित्र सरकत राहतं. तुमच्याकडे दोन्ही होतंय म्हणजे निदान जवळजवळ नक्की.

बटण दोन्हीकडे करून बघितलं, सरकणं थांबलं पण रंग काही येत नाहीत, असं असेल तर पिवळी पिन कुठे खुपसलीय ते बघा. काही टीव्हींना मागे हिरवं, निळं, लाल अशी आणखी तीन भोकं असतात, ते कंपोनंट, म्हणजे चित्र तीन तारांत वाटून नेणारं, वेगळी गोष्ट आहे. पिवळी पिन त्यातल्या हिरव्यात गेली तर नुसता उजेड-अंधार दिसतो, रंग नाही. आणि तिथलं लाल हे चित्राचं लाल आहे, आवाजाचं लाल शेजारी वेगळं असतं, यात भलेभले फसतात. तुमच्या टीव्हीला ते कंपोनंट असेलच तर मी म्हणेन एव्हीची डबी खरंच बदला आणि एचडीएमआय टू कंपोनंट घ्या, चित्रात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. फक्त टीव्ही जुना ट्यूबचा आहे म्हणून आधी त्याचं मॅन्युअल बघा, पुष्कळ ट्यूबच्या टीव्हींना कंपोनंटमधून साधं ४८०आय किंवा ५७६आयच (एका वेळी एक सोडून एक ओळ येणारं चित्र) चालतं आणि सगळ्या डब्या तेवढं खाली उतरवत नाहीत.

अक्षरांचं मात्र सेटिंगने काही होणार नाही, ते खरं खरं सांगतो. पिवळ्या एकाच तारेत उजेड आणि रंग दोन्ही कोंबलेले असतात, टीव्हीला ते परत वेगळे करावे लागतात आणि त्यात बारीक रेघा मरतात, अक्षरांच्या कडेला रंगीत मुंग्या फिरतात. उभ्या दिशेला दिसणाऱ्या ओळी पालमधे ५७६ च. १०८० ओळींचं पान त्यात आणल्यावर बारीक अक्षर उरणार कुठून? डबीवर मोठ्या अक्षरात १०८०पी छापलेलं असतं ना, ते आत काय घालता येतं त्याबद्दल आहे, बाहेर काय येतं त्याबद्दल नाही. सिनेमा, मॅच, कार्टून बघा, मजेत दिसेल. ईमेल वाचायला आणि बँकेचं काम करायला हा पडदा नाही. चारही कडांना चित्र थोडं कापलेलं दिसेल तेही ट्यूबच्या टीव्हीत असतंच, बॉक्सच्या सेटिंगमधे स्क्रीन साइज किंवा ओव्हरस्कॅन नावाचं काहीतरी असतं, तिथून चित्र आत ओढून घ्या.

एक राहिलंच, डबी विकत घ्यायच्या आधी बॉक्सच्या मागे हेडफोनसारखं एक भोक आणि शेजारी 'एव्ही' लिहिलंय का ते बघायला हवं होतं. बऱ्याच सेट टॉप बॉक्सना ते असतं आणि त्यातून थेट ॲनालॉग, म्हणजे आकड्यांऐवजी व्होल्टमधलं, चित्र मिळतं, कन्व्हर्टर लागतच नाही, नुसती चार पट्ट्यांच्या पिनची वायर लागते. त्या वायरींमधे कुठल्या पट्टीवर काय याचा मेळ नसतो, त्यामुळे पिवळ्यावर चित्र नाही आणि स्पीकरमधून घर्रर्र असा आवाज आला तर घाबरू नका, टीव्हीच्या पिवळ्या भोकात लाल पिन लावून बघा, मग पांढरी. रासबेरी पाय नावाचा छोटा कॉम्प्युटर वापरणाऱ्यांनाही हेच लागू, २०१४ च्या बी प्लसपासून पुढच्या बऱ्याच मॉडेलांत पिवळं सॉकेट जाऊन चित्र त्याच छोट्या भोकात गेलंय, आणि पाय ४ वर तर ते सेटिंगमधून आधी चालू करायला लागतं.

प्रश्न : व्हीजीएवर चित्र आलं, आवाज कुठे गेला?
– एक वाचक

उत्तर : व्हीजीएमधे आवाजाची तारच नसते. ॲडॉप्टरला हेडफोनचं भोक असेल तर तिथे स्पीकर लावा, आणि कॉम्प्युटरच्या साउंड सेटिंगमधे आउटपुट म्हणून एचडीएमआय निवडा. यादीत एचडीएमआय दिसतच नसेल तर ॲडॉप्टरने 'मला आवाज चालतो' असं वर कळवलेलंच नाही, मग भांडत बसू नका, सरळ लॅपटॉपच्याच हेडफोन जॅकमधून स्पीकरला वायर द्या.

प्रश्न : दादा, मेन्यू दिसतो, पोस्टर दिसतात, पण सिनेमा सुरू केला की पडदा काळा, आवाज मात्र चालू. फोनवर काढलेले घरचे व्हिडिओ त्याच जोडणीवर व्यवस्थित चालतात. ॲडॉप्टर माणूस बघून काम करतो का?
– रात्रपाळीवाला

उत्तर : माणूस नाही, सिनेमा बघून. याला एचडीसीपी म्हणतात. विकत किंवा सबस्क्रिप्शनवर दाखवायचा सिनेमा चालू करताना मशीन पुढच्या वस्तूला विचारतं की कॉपी होणार नाही याची खात्री देणारी किल्ली तुझ्याकडे आहे का. ॲनालॉग वायरीवर असली किल्ली चालवायची सोयच नाही, म्हणून साध्या ॲडॉप्टरकडून उत्तर जात नाही आणि चित्र बंद. मेन्यू आणि घरच्या व्हिडिओला किल्ली लागत नाही, ते चालतात, म्हणजे तुमची जोडणी बरोबर आहे हे तुम्ही स्वतःच तपासून टाकलंय.

काही ॲप अशा वेळी पडदा काळा न करता कमी क्वालिटीत दाखवतात, तसं दिसलं तर त्यात समाधान माना. ब्लू-रेवाल्यांसाठी तर हा दरवाजा नियम करूनच लावून घेतला, २०१० नंतर बनलेल्या प्लेअरना कॉपीबंदी असलेल्या डिस्कचं ॲनालॉग चित्र फक्त साध्या क्वालिटीत द्यायची परवानगी उरली, आणि २०१३ नंतर बनलेल्यांना तेवढीही नाही. त्यामुळे नवीन ब्लू-रे प्लेअर घेऊन जुन्या टीव्हीला जोडायचा बेत असेल तर तो सोडा, पैसे वाया जातील. याच्यावर तोडगा काय असं आणखी चार जणांनी विचारलंय, त्यांना एवढंच म्हणेन की असला सिनेमा फोनवर नाहीतर लॅपटॉपच्याच पडद्यावर बघा.

प्रश्न : फोनला टाइप-सी आहे. टाइप-सी टू एचडीएमआय, त्याला पुढे एचडीएमआय टू व्हीजीए, असं जोडलं तर प्रोजेक्टरवर दिसेल का?
– क्लासवाले

उत्तर : फोनवर अवलंबून आहे, आणि बहुतेक स्वस्त फोनांच्या बाबतीत उत्तर नाही असंच आहे. टाइप-सी हा नुसता भोकाचा आकार झाला, त्यातून चित्र बाहेर यायचं तर फोनमधे डिस्प्लेपोर्ट अल्ट मोड नावाची सोय कंपनीने मुद्दाम दिलेली असावी लागते. फोनच्या माहितीत यूएसबी २.० एवढंच लिहिलेलं असेल तर तो साधा ॲडॉप्टर लावून चित्र देणार नाही, कितीही महाग ॲडॉप्टर आणा. सोय असेल तर दोन ॲडॉप्टरची माळ लावण्यापेक्षा एकच टाइप-सी टू व्हीजीए घ्या, मधला एक सांधा कमी, एक बिघाड कमी.

प्रश्न : जुन्या कॉम्प्युटरच्या ग्राफिक्स कार्डला पांढरं डीव्हीआय आहे. कोणी म्हणतं साधा छोटा जोड लावला की व्हीजीए होतं, कोणी म्हणतं होत नाही. कोण बरोबर?
– हौशी दुरुस्तीवाला

उत्तर : दोघंही. सॉकेटमधली आडवी चपटी खाच शोधा. तिच्या भोवती वर दोन, खाली दोन अशी चार बारीक भोकं असतील तर ते डीव्हीआय-आय, त्या चार भोकांमधून आणि शेजारच्या एकदोन पिनांवरून खरोखरचं ॲनालॉग व्हीजीए बाहेर येतं, साधा बिनचिपचा जोड चालतो. चार भोकं नसतील तर डीव्हीआय-डी, निव्वळ डिजिटल, तो जोड आतच जाणार नाही. कानस घेऊन पिना घासू नका, लोक घासतात म्हणून सांगतोय, आत गेला तरी तिथे सिग्नलच नाही.

प्रश्न : आजोबांच्या टीव्हीला फक्त अँटेनाचं भोक आहे, बाकी काही नाही. काही मार्ग आहे का?
– नात

उत्तर : आहे, जरा लांबचा. आधी एचडीएमआय टू एव्ही, मग त्याची पिवळी-पांढरी पिन आरएफ मॉड्युलेटर नावाच्या डबीत, आणि त्या डबीची वायर अँटेनाच्या भोकात. ही डबी म्हणजे एक छोटं टीव्ही स्टेशनच, ठराविक चॅनेलवर चित्र सोडते, आजोबांच्या टीव्हीवर ते चॅनेल ट्यून करायचं. चित्र आलं पण आवाजाच्या जागी नुसतं फस्स होत असेल तर मॉड्युलेटरवर आवाजाची सिस्टिम बदला, चित्र आणि आवाज यांच्यातलं अंतर बी/जीमधे ५.५ मेगाहर्ट्झ, आयमधे ६, डी/केमधे ६.५ असतं आणि टीव्ही आपल्याच अंतरावर आवाज शोधतो. चित्र एव्हीपेक्षाही थोडं मऊ येईल. आणि आत एव्हीची वायर डकवून घेऊ म्हणून टीव्हीचं मागचं झाकण कृपा करून उघडू नका, पिक्चर ट्यूबवर वीस हजार व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो बराच वेळ टिकतो.

प्रश्न : एचडीएमआय गेम कन्सोल डब्बा टीव्हीला एव्हीच्या डबीने लावलाय. बटण दाबल्यावर थोड्या वेळाने उडी बसते, आणि चित्र मधेच अडखळतं.
– दहावीतला मुलगा (अभ्यास झाल्यावर खेळतो)

उत्तर : कंसातलं वाचून बरं वाटलं. उशीर होतो कारण ती डबी अख्खी फ्रेम आत साठवते, लहान करते, मग पुढे सोडते. अडखळणं वेगळं आहे, कन्सोल सेकंदाला ६० फ्रेम देतो आणि डबी पालवर असेल तर तिला ५० च पुढे पाठवता येतात, म्हणजे दर सहातली एक फ्रेम फेकली जाते. डबी एनटीएससीवर कर आणि टीव्ही रंगात दाखवतोय का बघ, नंतरच्या काळातले पुष्कळ टीव्ही एव्हीमधून दोन्ही घेतात. अडखळणं जाईल. उशीर थोडा राहील, तो चुकवायचा तर व्हीजीए मॉनिटर बघ, साधा व्हीजीए ॲडॉप्टर फ्रेम साठवत नाही, आला ठिपका की सोडला पुढे.

प्रश्न : सगळं चालू झालं, पण व्हीजीए मॉनिटरवर अक्षरं थरथरतात आणि प्रत्येक अक्षराच्या उजवीकडे फिकट सावली पडते.
– ऑफिसमधून

उत्तर : या दोन तक्रारी वेगळ्या आहेत. थरथर असेल तर आधी रिझोल्यूशन मॉनिटरच्या नेमक्या मापावर आणा, १७ इंची चौकोनी एलसीडी असेल तर १२८० बाय १०२४, ६० हर्ट्झ. मग अक्षरांनी गच्च भरलेलं पान पूर्ण पडद्यावर उघडून मॉनिटरचं 'ऑटो' बटण दाबा. काळ्या वॉलपेपरवर दाबू नका, मॉनिटर कडा बघून माप घेतो, त्याला कडा दिसायला पाहिजेत. त्याने नाही भागलं तर मेन्यूत क्लॉक आणि फेज असतात, फेज एकेक घर सरकवत अक्षर स्थिर होईपर्यंत जा. सावली मात्र बहुतेक वेळा वायरीची असते, लांब आणि हलक्या व्हीजीए वायरीत सिग्नल टोकाला आपटून परत येतो आणि तेच चित्र किंचित उशिरा पुन्हा उमटतं. मॉनिटर लांब असेल तर लांब वायर एचडीएमआयची घ्या, ॲडॉप्टर मॉनिटरच्या पाठीशी ठेवा आणि व्हीजीएची वायर जितकी आखूड मिळेल तितकी आखूड लावा.